खाली कोण?

विहिरीत मुकी प्रार्थना करायची नाही, असं म्हाताऱ्यानं सुनेला ती या घरात आली त्याच उन्हाळ्यात बजावलं होतं. बजावलं म्हणजे खेकसूनच सांगितलं. त्याला साधं बोलता येत नसे. उभा जन्म विहिरी खणण्यात आणि उपसण्यात गेलेला, खालून वर ओरडून ओरडून गळ्याचा भोंगा झालेला. त्यानं घरात मीठ मागितलं तरी शेजारचं कुत्रं उठून बसायचं. "वर काय ते डोळे मिटून, ओठ मिटून करा," तो म्हणाला होता, "पण विहिरीत देवाशी बोलायचं तर बोंबलून बोलायचं. काठावरच्याला ऐकू गेलं पाहिजे."

सून कॉलेजात शिकलेली. तिला हसू आलं. "बाबा, देव काही बहिरा नाही."

"देवाचं कोण बोलतंय?" म्हातारा म्हणाला, आणि काठी चाचपत उठून गेला.

तिनं ते कानाआड केलं.

तसं त्या घरात देवाला उसंत नसायची. दोर वळताना प्रार्थना, दोराला तेल लावताना प्रार्थना, पहारीला धार लावून आणली की तिच्यावर हात ठेवून प्रार्थना. सासू तर चूल पेटली नाही तरी आधी प्रभूला सांगायची आणि मग लाकडं ओली कुणी आणली ते विचारायची. आणि विहिरीवरची एक रीत म्हाताऱ्याच्या बापापासून चालत आलेली. माणूस खाली उतरला की रहाटावरच्यानं थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, "खाली कोण?" आणि खालच्यानं उत्तर द्यायचं, "मी आणि माझा देव." गाळाची पाटी वर चढतानाही हेच, घोटभर पाणी प्यायला थांबलं तरी हेच. ओल लागली की काम थांबवून आभार मानायचे, तेही याच ओरडीत.

सुनेला हे सुरुवातीला फार गोड वाटलं होतं. मग हळूहळू खटकायला लागलं. नवरा, म्हणजे घरातला थोरला, प्रार्थना करायचा ती बाजारात घासाघीस केल्यासारखी. पाणी दे, ताप उतरव, त्या खडकाला जरा मऊ कर. ती त्याला म्हणायची, अहो, माणूस जवळ बसलेला असला की आपण ओरडतो का त्याच्यावर? तसं बसा ना त्याच्याजवळ. काही मागू नका. नुसते गप्प बसा.

थोरला तिला चिडवायचा, की तू गप्प बसलीस तर मी पण बसेन. पण त्यानं करून बघितलं आणि त्याला ते आवडलं. एकदा जेवताना तिला म्हणाला, "तुला सांगतो, तळाशी गेल्यावर वर पाहिलं ना, की आभाळ थाळीएवढं दिसतं. तेव्हा गप्प राहिलं की खरंच कुणी तरी शेजारी बसलंय असं वाटतं." हे सांगताना तो लाजला होता. सुनेच्या आयुष्यातल्या सुखाच्या गोष्टींत ही गोष्ट फार वर होती.

मग बाळ झालं.

बाळाची झोप म्हणजे ओल्या कागदासारखी, बोट लागलं की फाटायची. आणि सुनेला नुसती झोपेचीच काळजी नव्हती. झोपलेलं बाळ तिला जागं असलेल्यापेक्षा जास्त घाबरवायचं. ती हातातलं काम टाकून जायची, त्याच्या नाकाखाली बोट धरायची, ऊब लागली की परत यायची. सासू म्हणायची, पोराचं नाक झिजवशील. म्हातारा घरात बोलला की बाळ दचकून दोन्ही हात वर फेकायचं आणि मग तासभर रडायचं. सुनेनं घरातल्या सगळ्यांना हळू बोलायला शिकवलं. म्हाताऱ्याला काही ते जमेना. मग तिनं त्याची खाट मागच्या गोठ्यात हलवली. त्यानं कुरकुर केली नाही, हे तिला तेव्हा बरंच वाटलं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. आळीतल्या विहिरीत बादली सोडली की दगडाचा आवाज यायचा. बायका लांबच्या ओढ्यात खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मळेवाल्याच्या माळावर एक जुनी विहीर होती, त्याच्या आजोबाच्या वेळची, खोल आणि अरुंद, कित्येक वर्षं फळ्यांनी झाकलेली. पालापाचोळा, मेलेली पाखरं, काय काय पडून तळाला गाळ झालेला. मळेवाला थोरल्याला म्हणाला, उपसून द्या, पाणी लागलं तर सकाळची पाळी तुमच्या आळीची. वर हेही म्हणाला, की तुमच्या देवाचं वजन आहे म्हणतात तिथे वर, बघू तरी.

थोरला हसत हसत घरी आला. सासूनं तिथल्या तिथे गुडघे टेकले.

कामाच्या दिवशी म्हातारा गोठ्यातून कपडे करून, टोपी घालून बाहेर आला. सुनेनं बाळ कडेवर घेतलं होतं. तिला काठावर जावंच लागणार होतं, पाट्या रित्या करायला हात कमी होते. ती थोरल्याला बाजूला घेऊन म्हणाली, की बाबा आले तर दिवसभर ओरडतील, बाळ सावलीला झोपायचं नाही, मग मी पाट्या कशा ओतू? थोरल्यानं बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग बापाजवळ जाऊन म्हणाला, बाबा, ऊन फार आहे, तुम्ही राहा. म्हाताऱ्यानं टोपी काढून खाटेवर ठेवली.

विहिरीवर फळ्या काढल्या तेव्हा आतून गार, जुनाट हवा आली. धाकट्यानं, म्हणजे सुनेच्या दिरानं, आतली हवा तपासायला कंदील सोडला. तळापर्यंत नीट जळत गेला, नीट जळत वर आला. थोरला दोराला धरून, भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरला. दोर एकच होता. तो खाली पोचला की त्याच दोराला पाटी बांधायची, म्हणजे त्याच्या कमरेला काही राहायचं नाही. अरुंद विहिरीत असंच करतात.

काठापासून थोड्या अंतरावर एक झुडूप होतं. सुनेनं त्याच्या सावलीला चादर बांधून झोळी केली, बाळ निजवलं आणि धाकट्याला सांगितलं, "भाऊजी, जरा हळू हाका मारा."

धाकट्यानं कठड्यावर वाकून, कानात सांगितल्यासारखं विचारलं, "खाली कोण?"

खालून दबक्या आवाजात आलं, "मी आणि माझा देव. आणि बेडूक."

धाकटा तोंड दाबून हसला. पाट्या वर यायला लागल्या. काळा गाळ, पानांचा, हाडांचा, बोटाला तुपासारखा चिकटणारा. सून ओतत होती, सासू रिकामी पाटी परत दोराला अडकवत होती. ऊन डोक्यावर चढलं. मध्येच थोरला खालून म्हणाला, की वास येतोय रे, नासलेल्या अंड्यांचा, सैतानाचं स्वयंपाकघर असावं इथे. सासूला तो विनोद आवडला नाही. ती कठड्याला हात लावून मनात प्रभूला सांगत राहिली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "वास गेला गं आई."

"ऐकलं त्यानं," सासू म्हणाली, आणि सुनेकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ, मी पण मनातल्या मनात करू शकते.

मग पहारीचा आवाज बदलला. खालून थोरला बोलला, आवाज जरा जड, झोपेतून उठल्यासारखा. "ओल लागली. आता गप्प बसा सगळे. आभार मानतो."

धाकट्यानं रहाट सोडला. सासूनं गुडघे टेकले, सुनेनंही गाळानं भरलेले हात पोटाशी जोडून गुडघे टेकले. डोळे मिटले. रीत आता अशी झाली होती, की खालून त्यानं आमेन म्हणायचं आणि मग वरच्यांनी म्हणायचं. सगळे त्याच्या आमेनची वाट बघत राहिले.

सुनेच्या मनात काय काय आलं. पाणी आलं. सकाळची पाळी आली. बाळाचे कपडे आता रोज धुता येतील. मग तिला वाटलं, हे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलेत देवाजवळ. तिचा ऊर भरून आला. खडकाला मऊ कर म्हणणारा माणूस. शेजारी सासू नाकानं सूं सूं करत होती, तिचेही डोळे वाहत होते. धाकट्यानं एक डोळा उघडून विहिरीकडे मान वळवली, तर सासूनं त्याच्या मांडीला चिमटा घेतला. तो कळवळला. "आई, दादा..." असं काहीतरी तो म्हणत होता. सासू दातांतल्या दातांत म्हणाली, "देवाशी बोलतोय तो. मध्ये तोंड घालू नकोस."

सुनेनं एकदा डोळे उघडले. उठली, चवड्यांवर झोळीपाशी गेली, बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. परत येऊन तिनं गुडघे टेकले आणि डोळे मिटले.

शेवटी धाकटाच उठला. आईचा हात झटकून त्यानं कठड्यावर वाकून हाक मारली, आधी हळू, मग मोठ्यानं, मग म्हातारा ओरडायचा तसं. बाळ उठलं आणि किंचाळायला लागलं. खालून काही आलं नाही.

धाकटा दोर धरून उतरायला लागला आणि निम्म्यातच त्याचे हात सैल पडायला लागले. तोवर मळेवाल्याची माणसं धावत आली होती. त्यांनी त्याला दोरासकट वर खेचला. तो ओकत पालथा पडला. आता कुणी उतरायला तयार होईना. मग मळेवाल्याच्या घरून गळ आणला, विहिरीत पडलेल्या बादल्या काढतात तो, चार आकड्यांचा. गळ सदऱ्यात अडकला तर सदरा फाटला. मग खांद्यात अडकला. थोरला वर आला तेव्हा मान मागे गेलेली आणि तोंडात गाळ. मळेवाला म्हणाला, आता हे पाणी प्यायचं कसं. मग स्वतःलाच काहीतरी वाटून त्यानं टोपी काढली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वास गेला असं थोरला म्हणाला होता, हे ऐकल्यावर त्यानं मान वर केली. "वास जात नसतो," तो म्हणाला. "त्या वायूनं नाक बधिर होतं. तेव्हाच काढायला हवा होता. त्यानंतरही थोडा वेळ होता म्हणा." एवढं बोलून तो हात धुवायला गेला.

थोडा वेळ होता. सून ते तीन शब्द घेऊन घरी आली.

अंघोळ तिनंच घातली. सासूला धरून ठेवावं लागत होतं. त्याच्या नखांत गाळ होता, तो तिनं काडीनं काढला. त्या गाळाखाली चुना होता. भिंतीचा. दोन नखं मुळापासून उलटली होती. ती बराच वेळ तो हात हातात घेऊन बसली. गुडघ्यावर बसलेल्या माणसाची नखं अशी होत नाहीत. त्याला आवाज फुटत नव्हता आणि तो भिंत खरवडत होता, आणि वर ती तिघं त्याच्यासाठी देवाचे आभार मानत होती.

तिनं नखं पुसली आणि हात छातीवर जोडून ठेवले. तसंच ठेवायचं असतं.

पण तोवर दुसरी गोष्ट सुटली होती आणि ती आळीभर फिरत होती. गळ टाकणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं होतं, की वरून बघितलं तेव्हा तो ओणवा होता, कपाळ जमिनीला. सासूनं ते पकडलं. पाळकसाहेबांनी पुरताना तेच सांगितलं, की आपल्यापैकी किती जणांना असं मरण मिळेल, ओठांवर त्याचं नाव, गुडघे टेकलेले. आपण उठता बसता देवाजवळ राहायचं म्हणतो, हा राहून दाखवून गेला. लोक रडले. परत जाताना बायका सासूच्या हाताला हात लावत होत्या, जसा भाग्यवान माणसाला लावतात. एक जण सुनेला म्हणाली, "तूच शिकवलंस ना त्याला तसं बसायला? धन्य आहेस." ती खरंच मनापासून म्हणाली.

सुनेनं नखांचं कुणाला सांगितलं नाही. रात्री सासू झोपायची ती केवळ त्या गोष्टीवर झोपायची, हे तिला दिसत होतं. ती काढून घेतली तर म्हातारीखाली काय उरणार?

म्हातारा कुणाशी बोलत नव्हता. पुरलं त्या दिवशीही त्याचा आवाज निघाला नाही. दुसऱ्या संध्याकाळी सून त्याचं ताट घेऊन गोठ्यात गेली. त्यानं ताट घेतलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "झोपलं का पोर?"

आवाज हळू होता. इतका हळू तो कधी बोलला नव्हता.

"हो," ती म्हणाली.

"बरं झालं."

त्यानंतर रोज संध्याकाळी तो तेवढंच विचारायचा. दुसरं काही नाही. झोपलं का पोर. बरं झालं. तिनं ताट सासूकडून पाठवून पाहिलं, तर त्यानं तिला हाक मारून बोलावून घेतलं, आणि विचारलं.

विहीर अर्धीच राहिली होती. ओल लागलेली, पाणी हातभरावर. आळी सुकत होती. मळेवाल्यानं निरोप धाडला, की काम पुरं करा नाहीतर मी दुसरे बघतो, मग पाळीचं मला विचारायचं नाही. धाकटा म्हणाला, मी उतरतो. त्याच्या बोलण्यात काही शौर्य नव्हतं. उतरणारं दुसरं कुणी घरात नव्हतं, इतकंच. पानांनी भरलेल्या फांद्या दोराला बांधून त्यांनी दिवसचे दिवस विहिरीत वरखाली केल्या, आतली हवा ढवळून काढली. या खेपेला दोर दोन नेले, एक पाटीला, एक कमरेला. रहाटावर मळेवाल्याचा गडी.

उतरायच्या सकाळी पाळकसाहेब आले, आळीतली बरीच माणसं आली. सासू कठड्याशी उभी राहिली. तिचा चेहरा उजळलेला होता. ती म्हणाली, की माझा थोरला जसा गेला तसंच आपण सगळ्यांनी करायचं. धाकटा खाली पोचला की सगळ्यांनी डोळे मिटायचे. कुणी ओरडायचं नाही. तो आमेन म्हणेल, मग आपण.

लोकांनी माना हलवल्या. धाकट्यानं सुनेकडे पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते. त्याला आईसमोर बोलता येत नव्हतं, ते त्याला या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. तो खोबणीत पाय देऊन आत गेला.

माना खाली गेल्या. माळावर वाऱ्याचा तेवढा आवाज. बाळ सुनेच्या कडेवर होतं, नुकतं निजलेलं, तिच्या गळ्यावर लाळ सांडत.

सून पुढे झाली, कठड्यावर वाकली आणि ओरडली, "खाली कोण?"

बाळ दचकलं, दोन्ही हात वर फेकले आणि रडायला लागलं. सासूनं डोळे उघडले.

"गप्प बस," ती म्हणाली.

"आई, ते प्रार्थना करत नव्हते."

"गप्प बस म्हणते."

"त्यांची नखं निघाली होती. ते वर यायला बघत होते. मी धुतलाय त्यांचा हात. ते मरत होते आणि आपण डोळे मिटून बसलो होतो, आई."

सासूनं तिच्या तोंडात मारली. बाळासकट सून कठड्यावर आदळली, कोपर फुटलं. पाळकसाहेब काहीतरी म्हणाले. कुणी तरी म्हणालं, शिकलेली आहे ना, तिला काय कळणार. सासू खाली बसली आणि गुडघ्यांवर कपाळ आपटायला लागली, आवाज न करता, आणि तिला उठवायला कुणी पुढे येईना, कारण आता तिला काय म्हणून हात लावायचा ते कुणाला कळेना.

सून उठली. बाळ लालबुंद होऊन किंचाळत होतं. तिनं त्याला थोपटलं नाही. परत वाकली. "खाली कोण?"

काहीच आलं नाही. तिनं गड्याला म्हटलं, ओढा. गडी पाळकसाहेबांकडे बघायला लागला. तिनं कमरेच्या दोराला स्वतः हात घातला, तेवढ्यात खालून आलं, घाबरलेलं, रडवेलं, फाटक्या आवाजात, "मी, वहिनी. मी आहे."

"आणि?"

"आणि माझा देव."

ती दिवसभर तिथेच बसली. विचारत राहिली, उत्तर येत राहिलं. दुपारपर्यंत तिचा घसा बसला, संध्याकाळपर्यंत नुसती घरघर निघत होती, तरी विचारत राहिली. लोक आपापल्या घरी गेले. पाणी लागलं तेव्हा काठावर ती, गडी आणि रडून रडून झोपलेलं बाळ एवढेच होते.

सासू आता सुनेच्या हातचं घेत नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा रिकामी असते, कुणी शेजारी बसत नाही. पाणी लागलं त्या संध्याकाळी ती गोठ्यात ताट घेऊन गेली. म्हाताऱ्यानं विचारलं, "झोपलं का पोर?" ती म्हणाली, रडतंय, आणि तिच्या घशातून ते धड निघालंही नाही. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ताट ओढून घेतलं. "रडू दे," म्हणाला.

ती अजून प्रार्थना करते. मोठ्यानं करते, भांडी घासताना, पाणी शेंदताना, लोक बघतात तरी. देव जवळ आहे की नाही, हे तिला पूर्वीइतकं ठामपणे सांगता येत नाही. पण तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी बराच वेळ गप्प असेल, दाराआड, माळ्यावर, अंथरुणात, डोळे मिटून, आणि तुम्ही म्हणत असाल की असू दे, शांत बसलंय, तर आता हे वाचणं थांबवा. उठा. जाऊन हाक मारा. झोपमोड होईल, होऊ दे. उत्तर येईपर्यंत मारत राहा. आमेन नंतर म्हणता येतं.